कारवानी पिल्लांचे पुढचे पाय वाकतायत: एकाचे दोन्ही, दुसरीचा एकच

आटपाडीकर

मंडळी, एकाच वेतातली कारवानी कुत्र्याची दोन पिल्लं आहेत, वय साडेतीन महिने. नर ९.५ किलो, मादी ८.८ किलो. दोघांच्याही पुढच्या पायांत बिघाड दिसतोय, पण सारखा नाही.

नर: दोन्ही पाय. बाजूने पाहिलं की मनगट पुढे आलेलं दिसतं, म्हणजे कोपरापासून पंजापर्यंत सरळ रेघ राहत नाही. उभा असताना मनगटं थरथरतात. आठ-दहा दिवसांपासून आहे. लंगडत नाही, खातो-खेळतो.

मादी: फक्त उजवा पाय. पंजा बाहेरच्या अंगाला फिरलाय आणि मनगट आत झुकलंय. तीन आठवड्यांपूर्वी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून तिने खाली उडी मारली होती. तीनेक दिवस लंगडली, मग नीट चालायला लागली. वाक गेल्या आठवड्यात दिसायला लागला.

खाणं प्रत्येकी: गाईचं दूध अर्धा लिटर, ज्वारीच्या दोन भाकरी, रविवारी कोंबडी. मेडिकलवाल्याने माणसांचं कॅल्शियम सिरप दिलंय, १० मिली दोन वेळा. बाटलीवर ५ मिलीत २५० मिग्रॅ कॅल्शियम आणि १२५ युनिट डी३ लिहिलंय. सोबत डी३ ची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक. पहिली पुडी दोघांत निम्मी-निम्मी दिली, त्याला चार दिवस झाले.

बाकी माहिती: फरशी शहाबादी. दिवसा साखळीला असतात, संध्याकाळी मोटारसायकलमागे एक किलोमीटर. लशी वेळेवर, जंताचं औषध एकदाच झालंय.

गावात सल्ले मिळतायत: कामट्या बांधा, तेल लावून चोळा, कोवळ्या उन्हात बसवा. मुडदूस आहे का हा? यातलं काय करू?

पशुवैद्य_मराठवाडा

दोन पिल्लं, दोन वेगळे आजार. एकच उपाय दोघांना करू नका.

आधी मादी, कारण तिच्याबाबतीत वेळ महत्त्वाची आहे. वाक एकाच पायात असेल आणि त्याआधी दोन-चार आठवड्यांत उडी, पडणं, चेंगरणं असं काही झालं असेल, तर मनगटाजवळच्या अल्ना हाडाच्या ग्रोथ प्लेटला (हाड जिथून लांबीत वाढतं तो कूर्चेचा थर) मार लागला असं धरून चालायचं. तसं नाही हे एक्स-रेने सिद्ध होईपर्यंत.

कारण असं. कोपरापासून मनगटापर्यंत रेडियस आणि अल्ना ही दोन हाडं शेजारी-शेजारी वाढतात. अल्नाची सुमारे ८५ टक्के वाढ एकट्या खालच्या प्लेटमधून होते. कुत्र्यात ही प्लेट शंकूसारखी, व्ही अक्षराच्या आकाराची असते. बाकीच्या प्लेटा बऱ्याच सपाट असल्याने आडवा जोर आला तर त्या सरकतात. ही सरकू शकत नाही, आतल्या आत चेपली जाते. चेपलेल्या पेशी मेल्या की अल्ना तिथेच थांबते आणि रेडियस वाढतच राहतं. आखूड राहिलेली अल्ना मग धनुष्याच्या दोरीसारखी रेडियसला धरून ठेवते. परिणामी रेडियस पुढे आणि आत वाकतं, पंजा बाहेर फिरतो, आणि काही दिवसांनी कोपराचा सांधाही जागेवरून सरकायला लागतो.

तीन दिवसांत लंगडणं थांबलं, यात नवल नाही. पहिली सूज उतरली की दुखणं जातं. त्या वेळी एक्स-रे काढला असता तरी तो बहुधा साफ आला असता. चेपलेली प्लेट पहिल्या दिवशी दिसत नाही, दोन ते चार आठवड्यांनी दिसते. तुमचे तीन आठवडे झालेत, म्हणजे आता दिसेल.

एक्स-रे काढताना डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा. दोन्ही पुढच्या पायांचे काढायचे, तुलनेसाठी. प्रत्येक पायाचे दोन, समोरून आणि बाजूने. आणि कोपर व मनगट दोन्ही एकाच फिल्ममध्ये आले पाहिजेत. नुसत्या मनगटाचा काढला तर कोपरातली फट कळत नाही, आणि पुढचं नुकसान तिथेच होतं.

हे या आठवड्यात करा. हे महिने पायांच्या झपाट्याच्या वाढीचे. आज दिसतोय तो वाक महिन्याभरात दुप्पट होऊ शकतो.

आता नर. दोन्ही मनगटं सारखीच पुढे येणं, थरथर, दुखणं नाही, वय दीड ते चार महिन्यांच्या दरम्यान: हे मनगटामागच्या ताणलेल्या स्नायूंचं लक्षण दिसतंय. हाड भराभर वाढतं आणि मनगट दुमडणारे स्नायू-कंडरा मागे पडतात, म्हणून मनगट पुढे निघतं. घरी दोन तपासण्या करा. पिल्लाला कुशीवर झोपवा, एका हाताने कोपर धरा आणि दुसऱ्या हाताने मनगट हळूच सरळ करा. न कण्हता सरळ होत असेल तर चांगलं लक्षण. मग मनगटाच्या वर दोन बोटांवर हाड हलकं दाबा. तिथे गरम लागत असेल किंवा पिल्लू पाय ओढून घेत असेल तर वेगळाच विचार करावा लागेल, आणि मग त्याचाही एक्स-रे काढायचा.

हा प्रकार बहुतेक पिल्लांत दोन ते चार आठवड्यांत आपोआप सुधारतो, पण खाणं आणि जमीन बदलली तरच.

कामट्या अजिबात नाहीत. या आजारात कामटीने स्नायू आणखी दुबळा होतो, अस्थिबंध सैल पडतात आणि पट्टी सोडल्यावर मनगट उलट्या बाजूला, म्हणजे जमिनीकडे बसतं. आवळून बांधली तर आत जखमा होतात त्या वेगळ्याच.

उरलेली डी३ पुडी उचलून ठेवा. ६०,००० युनिट म्हणजे १.५ मिलिग्रॅम. निम्मी दिली, म्हणजे प्रत्येकी ०.७५ मिग्रॅ, म्हणजे किलोमागे साधारण ०.०८ मिग्रॅ. कुत्र्यात किलोमागे ०.१ मिग्रॅपासून विषबाधेची लक्षणं दिसू लागतात. तुम्ही काठावर आहात. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं आणि आठवडेच्या आठवडे शरीरात राहतं, त्यामुळे दर आठवड्याची पुडी साचत जाते. पाणी जास्त पिणं, लघवी वाढणं, उलटी, खाणं सोडणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) तपासा. काही दिसलं नाही तरी एक्स-रेसाठी जाल तेव्हा तपासून घ्या. रिपोर्ट वाचताना एक भान ठेवा: वाढत्या पिल्लात फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं एन्झाइम मोठ्या कुत्र्यापेक्षा जास्तच असतं. लॅबच्या छापील मर्यादेबाहेर आकडा लाल दिसला म्हणून घाबरू नका.

माळावरचा

डॉक्टर, एवढं कशाला? कारवानी पिल्लांची मनगटं या वयात जाडजूड आणि वाकडी दिसतातच. सगळी आपोआप सरळ होतात. कॅल्शियम आणि सकाळचं ऊन द्यायचं, बस्स.

जत_श्वानपालक

माळावरचे भाऊ, अर्धं बरोबर आहे. मनगटाच्या वर लिंबाएवढी गाठ दिसणं या जातीत तीन ते पाच महिन्यांत अगदी नेहमीचं. ती ग्रोथ प्लेटच असते, आणि बारीक पायावर ती जास्त उठून दिसते. पाहुणे ‘मुडदूस झालाय’ म्हणून जातात. पण ती गाठ दोन्ही पायांना सारखी हवी, थंड हवी, दाबली तर दुखायला नको. एका पायात मोठी, गरम किंवा दुखरी असेल तर ती ‘जातीची खूण’ नव्हे.

उन्हाचं मात्र साफ चूक. माणसाच्या कातडीत ऊन लागून डी जीवनसत्त्व तयार होतं, कुत्र्याच्या कातडीत ते पुरेसं होत नाही. त्याला लागणारं डी अन्नातूनच मिळावं लागतं. उन्हात बसवलं तर पिल्लाला बरं वाटेल, हाडाला त्याचा उपयोग शून्य. तेल चोळण्याचंही तेच.

आता जमीन, कारण औषधापेक्षा नराला फरक इथेच पडेल. शहाबादी फरशीवर पाय घसरतो. न घसरण्यासाठी पिल्लू बोटं पसरतं आणि मनगट आखडून धरतं. दिवसभर हेच चाललं तर ताणलेला स्नायू सैल होणार कधी? जिथे पिल्लू झोपतं, खातं आणि वळतं तिथे रबरी मॅट किंवा ओलं करून ताणून बसवलेलं गोणपाट टाका. नुसतं टाकलेलं गोणपाट सरकतं आणि फरशीपेक्षा वाईट ठरतं. बाहेर चालवायला दाबलेली मुरमाड जमीन उत्तम. नांगरलेलं रान नको, ढेकळांत पाय मुरगळतो.

नराला दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येकी पाच ते दहा मिनिटं, मोकळं चालू द्या. थांबला की थांबायचं. मादीचं नेमकं उलटं: एक्स-रे होईपर्यंत धावणं, उडी, पायऱ्या, दुसऱ्या पिल्लाशी मस्ती सगळं बंद. सहा बाय आठ फुटांचं कुंपण करा आणि त्यात ठेवा. साखळीला बांधू नका, झटका बसतो तो पुढच्या पायांवरच.

मोटारसायकल दोघांसाठीही बंद, वर्षाचे होईपर्यंत. पिल्लू आपण होऊन धावतं तेव्हा दमलं की थांबतं. गाडीमागे ते थांबत नाही, दमलेल्या स्नायूंनी धावतं आणि सगळा हादरा प्लेटवर जातो. शर्यतीचा शौक असलेल्यांना हे पटवणं अवघड असतं, पण चार महिन्यांच्या पिल्लाला ‘दम’ नसतोच, तो वाढवायचा कशाला?

उचलताना एक हात छातीखाली, एक पुठ्ठ्याखाली. पुढचे दोन पाय धरून वर उचलण्याची सवय घरातल्या पोरांची मोडा. ओट्यावर, खाटेवर, ट्रॉलीत चढवलं तर उतरवायचंही आपणच.

नखं बघा. सपाट जमिनीवर उभं असताना नख टेकत असेल तर लांब झालंय. त्याने बोट वर ढकललं जातं आणि पंजा पसरतो. आठ-दहा दिवसांनी टोकाचं एक-दोन मिलिमीटर कापत राहिलं की आतली शीर मागे सरकते.

ताटलीतला_हिशेब

कुणी ‘कॅल्शियम द्याच’ म्हणतं, कुणी ‘कॅल्शियम वाईट’. दोन्ही बाजू अर्धवट बोलल्या जातात, म्हणून आकडे मांडतो.

साडेतीन महिन्यांच्या १० किलोच्या पिल्लाला दिवसाला साधारण ९०० ते १,००० किलोकॅलरी लागतात. वाढीच्या वयात दर १,००० कॅलरीमागे सुमारे ३ ग्रॅम कॅल्शियम हवं, वरची मर्यादा साडेचार ग्रॅम. फॉस्फरस अडीच ग्रॅमच्या आसपास.

तुमच्या ताटलीत काय जातं? अर्धा लिटर गाईचं दूध: कॅल्शियम ६०० मिग्रॅ. दोन भाकऱ्या म्हणजे १५० ग्रॅम पीठ धरलं तर कॅल्शियम जेमतेम ४० मिग्रॅ, आणि ज्वारीतलं फायटेट त्यातलंही थोडं अडवतं. एकूण ६४० मिग्रॅ. म्हणजे गरजेच्या पावपटही नाही. फॉस्फरस ८०० च्या वर, म्हणजे कॅल्शियमपेक्षा जास्त. प्रथिनं ३० ग्रॅमच्या आसपास, हवीत किमान ४५ ते ५५. रविवारच्या कोंबडीने हे भरून निघत नाही. मांसात कॅल्शियमच्या पंधरा-वीसपट फॉस्फरस असतो, त्यामुळे हाड न देता नुसतं मांस वाढवलं तर तोल आणखी बिघडतो.

तेव्हा ‘कॅल्शियम वाईट’ हे या आहाराला लागू नाही. इथे कॅल्शियम खरंच कमी आहे. सिरपचे १,००० मिग्रॅ धरले तरी १,६४० होतात.

पण सिरप वाढवत नेणं हाही उपाय नव्हे. प्रथिनं, फॉस्फरस, जस्त, तांबं, आयोडीन सगळंच कमी आहे, ते सिरपात नाही. सरळ रस्ता म्हणजे मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं पूर्ण तयार खाद्य. पिशवीवर कॅल्शियम १ ते १.५ टक्का आणि ‘वाढत्या पिल्लांसाठी पूर्ण आहार’ असं लिहिलेलं पाहा. १०० ग्रॅममध्ये ३६० ते ४०० कॅलरी असतील तर दिवसाला २४० ते २७० ग्रॅम, तीन वेळांत. सात दिवसांत बदला: पहिले दोन दिवस पाव, मग निम्मं, मग पाऊण. एकदम बदललं तर हगवण लागते.

आणि ते सुरू झालं की सिरप त्या दिवसापासून बंद. इथेच लोक चुकतात. महागडं खाद्य आणतात आणि ‘ताकदीला’ वरून कॅल्शियमही चालू ठेवतात. मोठा कुत्रा जास्तीचं कॅल्शियम आतड्यातच अडवतो, पण सहा महिन्यांखालच्या पिल्लाला ते जमत नाही, जितकं द्याल त्यातलं बरंचसं आत जातं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात १९८० च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांवर हे नीट तपासलं गेलं: जादा कॅल्शियम मिळालेल्या पिल्लांच्या ग्रोथ प्लेटमधलं कूर्चेचं हाडात रूपांतर अडलं आणि रेडियस वाकलं. म्हणजे कमी पडलं तरी पाय वाकतात, जास्त झालं तरी वाकतात.

तुमची खाद्याची पिशवी येईपर्यंत आठ-दहा दिवस काढायचे असतील तर प्रत्येकी रोज: हाडं काढून उकडलेली कोंबडी २५० ग्रॅम, उकडलेली अंडी २, एक-दीड भाकरी, दूध २०० मिली, आणि अंड्याच्या कवचाची पूड ५ ग्रॅम, म्हणजे छोटा चहाचा चमचा सपाट. कवच धुवून, दहा मिनिटं उकळून, वाळवून मिक्सरमध्ये मैद्यासारखं बारीक करायचं. जाडसर राहिलं तर तसंच बाहेर पडतं. कवचाच्या या ५ ग्रॅममध्ये सुमारे १,९०० मिग्रॅ कॅल्शियम असतं, म्हणून या दिवसांतही सिरप नको. हा कायमचा आहार समजू नका, यात फॉस्फरस मागे राहतो. शिजवलेली हाडं कुठल्याही वयात देऊ नका, फुटून टोकदार होतात.

वजन वाढवायच्या मागे लागू नका. या जातीच्या पिल्लाच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या उभ्या उभ्या दिसल्या पाहिजेत. गुबगुबीत कारवानी पिल्लू लोकांना आवडतं, मनगटांना नाही.

जंत राहूनच गेले. दोन आठवड्यांच्या वयापासून तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला औषध हवं. फेनबेंडाझोल किलोमागे ५० मिग्रॅ, सलग तीन दिवस. तुमच्या नराला रोज ४७५ मिग्रॅ. पोटात अंकुशकृमी असतील तर ते रक्त पितात आणि वरचा हिशेब तोकडा पडतो.

माळावरचा

मग मुडदूस नाहीच म्हणता का हा? दूध-भाकरीवरचं पिल्लू, पाय वाकलेले.

पशुवैद्य_मराठवाडा

नराच्या बाबतीत तो प्रश्न रास्त आहे. मुडदूस किंवा कॅल्शियमअभावी हाड ठिसूळ होणं, दोन्ही आहारातूनच येतात, आणि अशा वेळी एका वेतातल्या, एकाच ताटलीतल्या सगळ्या पिल्लांत थोड्याफार प्रमाणात दिसतात. चारही पायांत, दोन्ही बाजूंना. बरगड्या जिथे कूर्चेला मिळतात तिथे मण्यांसारख्या गाठी हाताला लागतात, पिल्लू चालायला कुरकुरतं, हलक्या उडीनेही हाड पिचतं. एक्स-रेत मुडदुसात प्लेट रुंद आणि विस्फारलेली दिसते, ठिसूळपणात हाडाची बाहेरची भिंत कागदासारखी पातळ. रक्तातलं कॅल्शियम मात्र दोन्हींत बऱ्याचदा ठीक येतं, कारण शरीर ते हाडातून काढून रक्तात भरत राहतं. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ यावर विसंबू नये. मादीच्या एक्स-रेसोबत नराच्या एका पायाचा काढला तर हा प्रश्न तिथेच सुटेल.

दुसरा एक आजार इथे नोंदवून ठेवतो, शोधत येणाऱ्यांसाठी. दोन ते सात महिन्यांचं पिल्लू, मनगटाच्या किंचित वर दोन्ही पायांना गरम, दुखरी सूज, ताप १०४ अंशांच्या वर, उठायला तयार नाही. हा हाडाच्या टोकाचा दाह, एक्स-रेत प्लेटला समांतर दुसरी काळी रेघ दिसते. त्यात कॅल्शियम दिलं तर अपायच होतो. तोच दिवस दवाखान्याचा. आणि वेदनेसाठी माणसांच्या गोळ्या, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल, यातलं काहीही नाही.

आटपाडीकर

सगळ्यांचे आभार. एक्स-रे झाले. मादीच्या उजव्या अल्नाची खालची प्लेट बंद झालीय, डावीची उघडी आहे. कोपरात फट अगदी थोडी आहे म्हणाले. नराची हाडं ठीक, भिंत किंचित पातळ, प्लेटा रुंद नाहीत. रक्तातलं कॅल्शियम दोघांचंही मर्यादेत.

डॉक्टरांनी मादीला ऑपरेशन सांगितलंय, पण ‘वाढ पूर्ण होऊ द्या, मग एकदाच सरळ करू’ असंही एकाने सुचवलं. काय करावं? आणि पट्ट्याने पाय सरळ ठेवून काही होईल का?

पशुवैद्य_मराठवाडा

पट्ट्याने नाही. अडथळा आतल्या हाडाचा आहे, बाहेरून धरून अल्ना लांब होणार नाही.

वाढ पूर्ण होईपर्यंत थांबणं हा सल्ला आठ-नऊ महिन्यांच्या कुत्र्यासाठी योग्य, साडेतीन महिन्यांच्या नाही. तिची रेडियस अजून कित्येक महिने वाढणार आहे. तोवर थांबलात तर वाक वाढेलच, पण खरी भीती कोपराची. एकदा तो सांधा नीट बसला नाही की त्याचा संधिवात आयुष्यभर राहतो, नंतर पाय कितीही सरळ केला तरी.

या वयात जे करतात ते तसं लहान ऑपरेशन: अल्नाचा खालचा एक-दोन सेंटिमीटरचा तुकडा, वरच्या आवरणासकट, काढून टाकतात. दोरी कापली की रेडियस मोकळं वाढतं आणि सौम्य वाक बऱ्याच अंशी स्वतःच भरून काढतं. आवरण मागे राहिलं तर पिल्लात काही आठवड्यांतच हाड पुन्हा जुळतं आणि अडथळा परत उभा राहतो. ते टाळायला पोटाची किंवा जांघेजवळची थोडी चरबी काढून त्या फटीत भरतात. तुमच्या शल्यचिकित्सकांना हे दोन प्रश्न जरूर विचारा: आवरण काढणार का, चरबी भरणार का. तरीही वाढ भराभर असेल तर फट पुन्हा भरू शकते आणि दुसऱ्यांदा तुकडा काढावा लागतो, हे आधीच धरून चला. शेवटी वाक उरलाच तर तो वाढ संपल्यावर रेडियस कापून, धातूची पट्टी लावून सरळ करता येतो. सरळ झाला तरी पाय दुसऱ्यापेक्षा थोडा आखूड राहू शकतो. तेवढा फरक कुत्रा कोपर आणि खांदा जरा सरळ धरून निभावतो.

भुलीबद्दल आवर्जून सांगा की ही साईटहाउंड, म्हणजे नजरेने शिकार करणारी सडपातळ जात आहे. अंगावर चरबी नगण्य आणि यकृतात काही औषधांचं विघटन हळू होतं, म्हणून थायोपेंटोन हे भुलीचं इंजेक्शन टाळतात, त्याने कुत्रा तासन्‌तास उठत नाही. प्रोपोफॉल आणि पुढे गॅस हा नेहमीचा मार्ग. वजन त्याच दिवशी काट्यावर करून घ्या, अंदाजाने नको. टेबलावर अंग लवकर गार पडतं, तेव्हा शुद्धीवर येईपर्यंत उबदार पांघरूण आणि कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून. किती वेळ उपाशी ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा. एवढ्या लहान, बारीक पिल्लाला रात्रभर उपाशी ठेवू नका.

तुमच्या बाजूला शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय जवळ पडेल, मुंबईला परळचं बाई साकरबाई रुग्णालय. आधी फोन करून हाडांच्या ऑपरेशनचा दिवस विचारा आणि एक्स-रे सोबत न्या.

जत_श्वानपालक

ऑपरेशननंतरची जागा आजच तयार करून ठेवा. तेच सहा बाय आठचं कुंपण, खाली मॅट. पट्टी असेपर्यंत पावसात किंवा ओल्यात न्यायचं झालं तर वर प्लास्टिकची पिशवी, आणि घरात आल्याबरोबर काढायची, नाहीतर आत ओल साचून कातडी सडते. रोज दोन वेळा पट्टीतून बाहेर दिसणारी मधली दोन बोटं बघा. ती एकमेकांपासून फाकली, सुजली किंवा गार लागली तर पट्टी आवळलीय, सकाळची वाट बघायची नाही. वास आला तरी तेच.

तीन-चार आठवडे गळ्याच्या नव्हे, छातीच्या पट्ट्याने, दोरी आखूड धरून, सपाट जमिनीवर पाच-पाच मिनिटं चालवा. पाय टेकवणं हवंच, पूर्ण बांधून ठेवलं तर रेडियसला सरळ वाढायला जोर मिळत नाही.

मोजमाप घरीही ठेवता येतं. शिंप्याची टेप घ्या, कोपराच्या मागच्या टोकापासून मनगटामागच्या छोट्या गादीपर्यंत, दोन्ही पाय, दर रविवारी, पिल्लू कुशीवर झोपलेलं असताना. फरक वाढायला लागला की पुढच्या एक्स-रेची तारीख अलीकडे आणायची. फोटो काढताना मोबाइल मनगटाच्या उंचीवर धरा. वरून काढलेल्या फोटोत कुठलाही पाय वाकडा दिसतो.

पशुवैद्य_मराठवाडा

टेपचं उत्तम. एक्स-रे मात्र ऑपरेशननंतर तीन-चार आठवड्यांनी ठरवून काढायचाच, टेप काहीही सांगो. फट भरतेय का ते त्यातच दिसतं.

आटपाडीकर

शिरवळला गुरुवारची वेळ मिळाली. नराला मॅट टाकून मुरमावर चालवतोय. थरथर कमी वाटते, मनगट अजून पुढेच आहे. खाद्याची पिशवी आली, कॅल्शियम १.२ टक्के लिहिलंय. मादीला ऑपरेशनआधी खाद्य बदलायला सुरुवात करू की नंतर?

ताटलीतला_हिशेब

नराचं आजपासून. मादीचं ऑपरेशन होऊन तिचं खाणं-हगणं ठीक झाल्यावर, तीन-चार दिवसांनी. बदलाच्या दिवसांत पोट बिघडलं तर ते भुलीमुळे की खाद्यामुळे हे कुणालाच कळणार नाही. तोवर वर दिलेलं कोंबडी-अंडी-कवच चालू ठेवा. आणि ती कुंपणात असेल तितके दिवस तिचं खाणं दहा-पंधरा टक्के कमी करा, धावत नाही तेव्हा तेवढं लागत नाही.